अस्थी, नाम आणि अर्थ : लुप्त पेंग्विनांच्या जीवाश्मांचे वाचन

१

‘पेंग्विन’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते : अफाट बर्फ आणि त्यावर डुलत चालणारा, बुटका, काळापांढरा पक्षी. हे चित्र मराठी भाषेच्या स्वतःच्या अनुभवातून आलेले नाही. पाठ्यपुस्तके, चित्रपट आणि अनुवादित बालवाङ्मय यांच्या द्वारा ते आले, आणि बहुधा म्हणूनच ते इतके घट्ट बसले. या चित्रात चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : पेंग्विन लहान असतो, तो काळापांढरा असतो, तो बर्फाचा रहिवासी असतो, आणि तो आज जेथे व जसा आहे तेथे व तसाच पूर्वापार होता. दक्षिण गोलार्धातील खडकांतून गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जी हाडे हाती आली, त्यांनी या चारही गृहीतांना धक्का दिला आहे.

हा विषय प्राणिशास्त्राचा असला तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो सर्वस्वी परका नाही. आज उपलब्ध असलेले रूप हेच मूळचे रूप, अशी समजूत करून घेणे हा वाङ्मयेतिहासातील एक चिवट प्रमाद आहे. एखाद्या काव्यप्रकाराचे अखेरचे, स्थिरावलेले रूप पाहून त्याचा उगमही त्याच रूपात झाला असावा असे मानले जाते. मधल्या वाटा, तुटलेल्या शाखा आणि नाहीसे झालेले पाठ यांची गणना होत नाही. लुप्त पेंग्विनांच्या संशोधनाचा इतिहास म्हणजे याच प्रमादाच्या क्रमाक्रमाने झालेल्या निरसनाचा इतिहास होय. तो प्रमाद कसा उद्भवतो, कशाने दूर होतो, आणि दूर न झाल्यास कोणाची हानी होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

२

आरंभ नावापासूनच केला पाहिजे, कारण मुळात हे नाव या पक्ष्याचे नव्हे. सोळाव्या शतकात उत्तर अटलांटिक समुद्रात जाणारे युरोपीय खलाशी ‘पेंग्विन’ म्हणत ते ‘ग्रेट ऑक’ नावाच्या एका मोठ्या, उडता न येणाऱ्या, पाठीकडून काळ्या व पोटाकडून पांढऱ्या पक्ष्याला. हा शब्द वेल्श भाषेतील ‘पांढरे डोके’ अशा अर्थाच्या पदांवरून आला, की ‘लठ्ठ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, याविषयी कोशकारांत एकमत नाही. पुढे हेच खलाशी दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत पोहोचले, तेव्हा तेथे दिसलेल्या तशाच ठेवणीच्या पक्ष्यांना त्यांनी तेच नाव दिले. वस्तुतः या दोन पक्ष्यांचे निकटचे नाते नाही. ऑक हा कुरव पक्ष्यांच्या गोतातील. दक्षिणेकडील पेंग्विनांचे जवळचे आप्त म्हणजे अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे खुल्या समुद्रावर दूरवर उडणारे पक्षी.

मांस, पिसे आणि चरबी यांसाठी झालेल्या बेसुमार हत्येमुळे ग्रेट ऑक नामशेष झाला. त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ च्या जून महिन्यात आइसलँडजवळच्या एल्डे या खडकाळ बेटावर मारली गेली. नावाचा पहिला धनी गेला आणि नाव उसने घेणारा उरला. शास्त्रीय परिभाषेत मात्र ‘पिंग्विनस’ हे प्रजातिनाम त्या लुप्त ऑकचेच राहिले आहे. आज ज्यांना पेंग्विन म्हणतात त्यांपैकी एकाही पक्ष्याचे ते नाही. फ्रेंच भाषेने हा भेद अजून जपला आहे. त्या भाषेत ‘पँग्वँ’ हा शब्द उत्तरेकडील ऑकवर्गीय पक्ष्यांसाठी वापरतात, तर दक्षिणेकडील पेंग्विनाला ‘मांशो’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ थोटा, म्हणजे हात नसलेला, असा आहे. आनातोल फ्रान्स यांच्या १९०८ च्या सुप्रसिद्ध उपरोधप्रधान कादंबरीच्या शीर्षकात ‘पँग्वँ’ हाच शब्द आहे. इंग्रजी अनुवादातून ती वाचणाऱ्याच्या मनात मात्र दक्षिणेकडील पक्षी उभा राहतो. एका अनुवादित शब्दाने सगळा गोलार्ध कसा बदलतो याचे हे बोलके उदाहरण होय.

खलाशांची चूक साम्याला नाते समजण्याची होती. जीवाश्मांच्या क्षेत्रातही असाच एक सापळा दडलेला होता. उत्तर पॅसिफिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, जपानमध्ये आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात, पेंग्विनांसारखेच पंख असलेल्या, पाण्यात पोहणाऱ्या, उडता न येणाऱ्या पक्ष्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. हिल्डगार्ड हॉवर्ड या विदुषींनी १९६९ मध्ये त्यांपैकी पहिल्या प्रजातीचे नामकरण केले, आणि त्या कुळाला ‘प्लोटोप्टेरिड’ असे म्हणतात. त्यांतील काही पक्षी माणसाहून लहान नव्हते. तथापि त्यांचे नाते पाणकावळ्यांच्या गोताशी लावले जाते. समान परिस्थितीत, समान गरजेतून, दोन भिन्न कुळांनी स्वतंत्रपणे एकच घाट सिद्ध केला. तुलनात्मक अभ्यासात उगमजन्य साम्य आणि परिस्थितिजन्य साम्य यांत विवेक करावा लागतो तो का, हे या पक्ष्यांच्या हाडांवरून जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच इतरत्र कळत असेल.

३

लुप्त पेंग्विनाविषयीचे पहिले शास्त्रीय लेखन १८५९ मधील आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील काकानुई येथून आलेले एक हाड वॉल्टर मँटेल यांच्यामार्फत लंडनला पोहोचले होते. त्याचे वर्णन टॉमस हेन्री हक्सले यांनी केले. डार्विनचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेच हे वर्ष. हक्सले यांच्यापुढे ना कवटी होती ना पंख. होते ते पायाचे एक हाड. पक्ष्यांमध्ये घोट्याची व पावलाची काही हाडे एकजीव होऊन एकच हाड बनते. बहुतेक पक्ष्यांत ते लांब व सडपातळ असते. पेंग्विनांत मात्र ते आखूड, रुंद असून त्याच्या मूळ घटकांच्या सीमा खाचांच्या रूपाने दिसत राहतात. एवढ्या एका खुणेवरून हक्सले यांनी हे हाड पेंग्विनाचे, आणि तेही तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही पेंग्विनाहून मोठ्या पक्ष्याचे, असा निर्णय दिला. तो निर्णय आजही अबाधित आहे.

त्यांनी दिलेले नाव होते ‘पॅलीयुडिप्टिस अंटार्क्टिकस’. पहिल्या पदाचा अर्थ प्राचीन पाणबुड्या असा होतो. त्यात खोट काढण्याजोगे काही नाही. दुसरे पद मात्र विचारात घेण्याजोगे आहे. हाड न्यूझीलंडचे होते, अंटार्क्टिक खंडाचे नव्हे. त्या खंडावरून तोपर्यंत एकही पेंग्विन-जीवाश्म आलेला नव्हता. ‘अंटार्क्टिक’ म्हणजे व्यापक अर्थाने दक्षिण दिशेचा, हे खरे. तरीही पहिल्याच नावातून पेंग्विन आणि ध्रुवप्रदेश यांची गाठ मारली गेली, आणि ती सुटण्यास पुढे फार काळ लागला.

एका हाडावरून इतके कळू शकते याला पेंग्विनांची शरीररचना कारणीभूत आहे. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ व हलकी असतात. पेंग्विनाला पाण्यात खोल बुडायचे असते, म्हणून त्याची हाडे भरीव व जड झाली. त्याचे पंख वल्ह्यासारखे चपटे व ताठर बनले, आणि पाण्याखाली तो त्या पंखांनी अक्षरशः उडतो. भरीव हाडे सहजासहजी चुरडत नाहीत, आणि किनाऱ्यालगत मरणाऱ्या प्राण्यावर गाळ लवकर साठतो. या दोन कारणांमुळे पेंग्विनांचा जीवाश्मसंग्रह इतर अनेक पक्षिकुळांपेक्षा पुष्कळ समृद्ध आहे. आज जिवंत पेंग्विनांच्या साधारण १८ जाती मानल्या जातात. जीवाश्मांवरून वर्णिलेल्या जातींची संख्या पन्नासाहून अधिक आहे. म्हणजे या कुळाचा ज्ञात भागसुद्धा जितका जिवंत आहे त्याच्या कितीतरी पट लुप्त आहे.

४

प्रत्यक्ष अंटार्क्टिक प्रदेशातून पेंग्विनांचे जीवाश्म मिळाले ते ओटो नॉर्डनशेल्ड यांच्या नेतृत्वाखालील १९०१ ते १९०४ च्या स्वीडिश मोहिमेत. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाजवळील सेमूर बेटावर या मंडळींना मोठ्या पेंग्विनांची हाडे सापडली. याच मोहिमेचे ‘अंटार्क्टिक’ नावाचे जहाज १९०३ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. त्यावरील लोकांनी पॉलेट बेटावर दगडी खोपट रचून हिवाळा काढला, तो मुख्यतः पेंग्विनांच्या मांसावर. नॉर्डनशेल्ड आणि त्यांचे पाच सोबती स्नो हिल बेटावरील तळावर अडकून पडले होते. अखेर ‘उरुग्वाय’ या आर्जेंटिनाच्या जहाजाने १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वांची सुटका केली. एकाच मोहिमेत जिवंत पेंग्विन अन्न म्हणून उपयोगी पडले आणि त्यांचे पूर्वज ज्ञान म्हणून.

ती हाडे स्वीडनला पोहोचल्यावर कार्ल विमान यांनी १९०५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत मोठ्या पक्ष्याला त्यांनी ‘अँथ्रोपॉर्निस’, म्हणजे मनुष्यपक्षी, असे नाव दिले. सेमूर बेट आज उजाड व गोठलेले आहे. पण ज्या काळात हे पक्षी तेथे राहत होते, त्या सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात त्या भूमीवर बीचच्या कुळातील वृक्षांची अरण्ये होती. याच बेटावरून १९८२ मध्ये पिशवीधारी सस्तन प्राण्याचे जीवाश्मही नोंदले गेले. अंटार्क्टिक खंडावरील हिमस्तर सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी विस्तारू लागले. म्हणजे पेंग्विन तेथे आधी होता आणि बर्फ मागाहून आले.

विसाव्या शतकात या अभ्यासाला शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यतः दोघांना द्यावे लागेल. ब्रायन मार्पल्स यांनी १९५२ मध्ये न्यूझीलंडच्या जीवाश्मांचा व्यवस्थित आढावा घेतला. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये या विषयावर मूलभूत प्रबंध लिहिला आणि १९७६ मध्ये सामान्य वाचकांसाठी पेंग्विनांवर एक स्वतंत्र पुस्तक सिद्ध केले. तरीही उगमाजवळचा पुरावा त्यांच्या हाती नव्हता. तो मिळाला न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात, वायपारा नदीच्या काठच्या हिरवट वालुकाश्मात. तेथील पक्ष्यांचे ‘वायमानू’ या नावाने २००६ मध्ये वर्णन झाले. त्यांचे वय ६ कोटी वर्षांहून अधिक आहे. डायनोसॉरांचा अंत सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला; त्यानंतर भूशास्त्रीय दृष्टीने अल्पशाच अवधीत उड्डाण सोडून पाण्याचा आश्रय केलेले पेंग्विन अस्तित्वात आले होते. वायमानूची चोच लांब व निमुळती होती, आणि पंख आजच्या पेंग्विनाच्या पंखांइतके ताठर झालेले नव्हते.

५

आकाराचा प्रश्न लोकांना सर्वाधिक आकर्षक वाटतो, आणि सर्वाधिक सावधगिरी याच प्रश्नात हवी. आज जिवंत असलेला सर्वांत मोठा पेंग्विन म्हणजे सम्राट पेंग्विन. त्याची उंची एक मीटरहून थोडी अधिक आणि वजन फार तर ४० किलोग्रॅमच्या आसपास असते. त्याच्याशी लुप्त पक्ष्यांची तुलना करावी. न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावरील ‘कुमिमानू बायसी’ या पक्ष्याची लांबी १.७७ मीटर आणि वजन सुमारे १०० किलोग्रॅम असावे, असे २०१७ मध्ये मांडले गेले. त्याच प्रजातीच्या ‘कुमिमानू फोर्डायसी’ या जातीचे २०२३ मध्ये वर्णन झाले. तिचे वजन सुमारे १५० किलोग्रॅम असावे असा हिशेब आहे. उत्तर ओटागोच्या किनाऱ्यावर पडलेल्या गोल शिलाखंडांतून ही हाडे मिळाली. ज्या काळातील ती आहेत तो साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे महाकाय पेंग्विन हे या कुळाच्या दीर्घ विकासाचे अंतिम फळ नव्हे. ते आरंभीच्याच काळात आढळतात. लहानातून मोठे, साध्यातून भव्य, असा चढता क्रम येथे गृहीत धरणारा अभ्यासक फसतो.

पण १५० किलोग्रॅम हा आकडा आला कोठून, हे विचारल्यावाचून तो स्वीकारू नये. या पक्ष्याचा संपूर्ण सांगाडा कोणीही पाहिलेला नाही. पंखाचे वरचे हाड, म्हणजे भुजास्थी, आणि इतर काही हाडे उपलब्ध आहेत. जिवंत पेंग्विनांत भुजास्थीचे माप व शरीराचे वजन यांचे जे प्रमाण आढळते, त्यावरून लुप्त पक्ष्याचे वजन काढले जाते. आजच्या पक्ष्यांचे प्रमाण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या पक्ष्यांना लागू पडते, हे त्यात गृहीत आहे. सेमूर बेटावरील ‘पॅलीयुडिप्टिस क्लेकोव्स्की’ या जातीविषयी २०१४ मध्ये दोन मीटरचा आकडा प्रसिद्ध झाला. ती चोचीच्या टोकापासून पायाच्या बोटांपर्यंतची, शरीर ताणून मोजलेली लांबी होती. उभ्या पक्ष्याची उंची नव्हे. वृत्तपत्रांत मात्र दोन मीटर ‘उंच’ पेंग्विन अवतरला.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सिद्ध केलेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता आहे असा दावा केला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जास्तीत जास्त जेथवर मागे जाता येते तेथवरचे ते रूप होते. जीवाश्मांवरून उभा केलेला पेंग्विन याच अर्थाने एक संपादित संहिता असतो. त्यातील कोणते हाड प्रत्यक्ष मिळालेले, कोणते दुसऱ्या नमुन्यावरून घेतलेले आणि कोणते केवळ अनुमानाने भरलेले, हे वेगळे दाखवणे हे प्रामाणिक जीवाश्मशास्त्रज्ञाचे कर्तव्य ठरते. संग्रहालयातील पूर्णाकृती प्रतिमा पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही. पाठभेदांची टीप गाळून छापलेल्या लोकप्रिय आवृत्तीसारखी ती प्रतिमा असते.

६

रंगाचे गृहीत कोसळले ते पेरू देशात. तेथील पाराकास वाळवंटात सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या पेंग्विनाचा सांगाडा मिळाला, आणि त्याच्यासोबत पिसांचे ठसेही जपले गेले होते. ज्यूलिया क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये त्याचे वर्णन केले. पिसांचा रंग ज्यांच्यावर अवलंबून असतो त्या मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म रंजककणांचा आकार त्या ठशांत टिकून होता. जिवंत पक्ष्यांच्या रंजककणांशी ताडून पाहता हा पक्षी काळापांढरा नसून करडा व तांबूस तपकिरी असावा, असे अनुमान निघाले. आजच्या पेंग्विनांचे रंजककण इतर पक्ष्यांच्या तुलनेत मोठे असतात आणि द्राक्षांच्या घोसासारखे एकत्र आढळतात. पेरूच्या पक्ष्यात ते तसे नव्हते. त्याच्या पिसांची ठेवण मात्र पोहण्यास अनुकूल झालेली होती. म्हणजे घाट आधी बदलला आणि रंग पुष्कळ मागाहून.

हवामानाच्या गृहीतालाही पेरूच्याच जीवाश्मांनी छेद दिला. २००७ मध्ये तेथून ‘पेरूडिप्टिस’ व ‘इकाडिप्टिस’ या दोन पक्ष्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. पहिला सुमारे ४ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याची उंची दीड मीटरच्या आसपास असून त्याची चोच भाल्यासारखी लांब होती. हे पक्षी विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर, पृथ्वी आजच्याहून पुष्कळ उष्ण असतानाच्या काळात राहत होते. ध्रुवप्रदेशात जन्मलेला पेंग्विन पृथ्वी थंडावल्यावर हळूहळू उत्तरेकडे सरकला, ही सोपी कथा त्यामुळे मागे पडली.

याहून सूक्ष्म पुरावा २०११ मध्ये पुढे आला. पेंग्विनाच्या पंखात धमन्या व शिरा यांचे एक दाट जाळे असते. आत जाणाऱ्या उबदार रक्ताची उष्णता ते बाहेरून परतणाऱ्या थंड रक्ताला देते, आणि शरीराची ऊब वाया जात नाही. या जाळ्याच्या खुणा भुजास्थीवर खाचांच्या रूपाने उमटतात. बर्फात राहण्यासाठीच ही योजना झाली असावी असे कोणालाही वाटेल. पण जीवाश्मांवरील खाचा दाखवतात की ती किमान ४ कोटी ९० लाख वर्षे जुनी आहे, म्हणजे अंटार्क्टिक हिमस्तरांच्या पुष्कळ आधीची आहे. हवा उबदार असली तरी खोल समुद्राचे पाणी शरीराहून थंडच असते. दीर्घकाळ बुडी मारणाऱ्या पक्ष्याला तेथे ऊब राखण्याची गरज भासली असणार. जे साधन एका प्रयोजनासाठी सिद्ध झाले, ते पुढे दुसऱ्याच प्रयोजनाला उपयोगी पडले. आजच्या उपयोगावरून मूळ प्रयोजन ठरवू नये, हा धडा छंद आणि अलंकार यांच्या इतिहासकारांनाही लागू पडतो.

मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ पासून जे पेंग्विन आहेत, ते हम्बोल्ट पेंग्विन होत, आणि त्यांचे मूळ निवासस्थान पेरू व चिली यांचा किनारा आहे. मराठी माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला पेंग्विन हिमप्रदेशाचा नसून वाळवंटालगतच्या सागरतीराचा आहे. तरीही मनातील चित्र बर्फाचेच राहते. अनुभवापेक्षा वाचलेले चित्र किती बलवत्तर असते, याचा हा घरचा दाखला म्हणता येईल.

७

नामकरणाच्या भाषेतही दरम्यान मोठे परिवर्तन झाले. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात नावे ग्रीक-लॅटिन पदांनी बनत. अलीकडच्या नावांत जीवाश्म ज्या भूमीत मिळाले तेथील भाषा बोलू लागल्या आहेत. ‘वायमानू’ म्हणजे माओरी भाषेत जलपक्षी. २०१२ मध्ये वर्णिलेल्या ‘काइरुकू’चा अर्थ बुडी मारून अन्न घेऊन परतणारा. ‘कुमिमानू’तील ‘कुमी’ हा माओरी पुराणकथांतील एक प्रचंड प्राणी. पेरूतील रंगीत पिसांच्या पक्ष्याचे नाव ‘इंकायाकू’. केचुआ भाषेत त्याचा अर्थ जलराज असा होतो. उत्तर बेटावरील काविया बंदराजवळ २००६ मध्ये हॅमिल्टनच्या बालनिसर्गमंडळातील मुलांना सहलीत एक सांगाडा दिसला. १.४ मीटर उंचीच्या त्या पक्ष्याचे २०२१ मध्ये ‘काइरुकू वायवायरोआ’ असे नामकरण झाले. ‘वायवाय’ म्हणजे पाय आणि ‘रोआ’ म्हणजे लांब. येथे नाव हेच वर्णन आहे.

नावे बदलतात तेव्हा त्यांच्या बदलातूनही ज्ञानाचा इतिहास वाचता येतो. वायमानू प्रजातीतील एका जातीला २००६ मध्ये ‘तुआताही’, म्हणजे पहिला, असे नाव मिळाले. २०१८ मध्ये ती जात वेगळी काढून तिच्यासाठी ‘मुरिवायमानू’ ही नवी प्रजाती योजली गेली. ‘मुरि’ म्हणजे नंतरचा, कारण तिचे खडक वायमानूच्या खडकांहून अलीकडचे ठरले. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार जातीचे जुने पद टिकवावे लागते. त्यामुळे आज तिच्या नावात ‘नंतरचा’ आणि ‘पहिला’ हे दोन्ही शब्द शेजारी नांदत आहेत. दोन काळांतील दोन मते एकाच पानावर जपणाऱ्या हस्तलिखिताप्रमाणे हे नाव आहे.

दक्षिण गोलार्धाच्या भूशास्त्रात एक नाव भारतातूनही गेले आहे, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अभ्यासकांनी १८७० नंतरच्या दशकात मध्य भारतातील खडकांच्या एका मालिकेला ‘गोंडवना’ हे नाव दिले. एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये ते उचलून दक्षिणेकडील प्राचीन अखंड भूमीला लावले. न्यूझीलंडची भूमी या गोंडवनापासून सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी विलग होऊ लागली आणि पेंग्विनांचा ज्ञात इतिहास त्यानंतरच्या तिच्या किनाऱ्यांवर सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या गोंड समाजाचे नाव जगातील प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात छापले जाते. पण ते नाव कोणाचे, हे वाचणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. नाव पोहोचले, अर्थ वाटेत गळून पडला.

८

आतापर्यंतचे विवेचन कोट्यवधी वर्षांचे होते. तेथील चुकांनी कोणाचे नुकसान झाले नाही असे वाटू शकेल. शेवटचे उदाहरण निराळे आहे, कारण ते मानवी इतिहासाच्या कक्षेत येते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पिवळ्या डोळ्यांचा एक पेंग्विन राहतो. माओरी भाषेत त्याला ‘होइहो’ म्हणतात आणि तेथील पाच डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. हा पक्षी त्या किनाऱ्याचा पुरातन रहिवासी असून एके काळी विपुल होता आणि पुढे घटत गेला, असे सर्वांनी धरून चालले होते. जुन्या वसतिस्थानांत व वाळूच्या टेकाडांत मिळणारी हाडे त्याचीच मानली जात. २००८ मध्ये त्या हाडांतील जनुकद्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि ती हाडे होइहोची नसून एका वेगळ्या, किंचित लहान पेंग्विनाची निघाली. तेथील एका माओरी जनसमूहाच्या नावावरून त्याला ‘वाइताहा’ म्हटले गेले. काही अभ्यासक त्याला स्वतंत्र जातीऐवजी उपजात मानतात. त्याने मूळ निष्कर्ष बदलत नाही. माणसाची वस्ती झाल्यानंतर, साधारणपणे इसवी सन १३०० ते १५०० या काळात, हा पेंग्विन नाहीसा झाला. त्याच्या रिकाम्या जागेत पुढे दक्षिणेकडील दूरच्या बेटांवरून होइहो आला.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर ज्याला मूळ पाठ समजले गेले तो मागाहून आलेला पाठ होता, आणि खरा मूळ पाठ त्याच्याच नावाखाली झाकला गेला होता. दोन जीवांना एकच समजल्यामुळे एका जीवाचा विनाश कित्येक शतके नोंदलाच गेला नाही. नष्ट होण्याहून अधिक पूर्ण असा हा लोप होय : ज्याचे मरण कोणाच्या लक्षातही आले नाही, त्याचा शोक कोण करणार? या दुरुस्तीचा दुसराही एक परिणाम झाला. होइहो त्या किनाऱ्यावर येऊन अवघी काही शतके झाली आहेत आणि आज त्याची तेथील संख्या झपाट्याने घटत आहे. पुरातन काळापासून टिकलेला पक्षी पुढेही टिकेल, हा दिलासा त्याच्या बाबतीत लटका ठरला. त्याच जागी त्याच्याआधीचा एक पेंग्विन माणसाच्या शेजारात दोनशे वर्षांच्या आत संपला होता, हा त्या हाडांचा खरा अर्थ होता.

वाङ्मयाच्या क्षेत्रातही अनेक रचना दुसऱ्याच्या नावाखाली गेल्या आहेत, अनेक बोली प्रमाणभाषेच्या एखाद्या शब्दात विरून गेल्या आहेत, आणि उरलेल्या रूपालाच मूळ समजून त्यांची गणना थांबली आहे. लुप्त पेंग्विनांचा अभ्यास त्यावर काही उपाय सांगतो असे नाही. हाड हाती घेणाऱ्याने त्याला नाव देण्यापूर्वी ते दुसऱ्याचे असण्याची शक्यता मनात बाळगावी, एवढेच तो शिकवतो. काकानुईच्या एका हाडापासून वाइताहाच्या हाडांपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांत या संशोधनाने जे मिळवले, ते मुख्यतः या सावधपणाच्या बळावर मिळवले आहे.